बन्नीच्या म्हशी रात्री चरायला जातात : गवतावरचं दूध आणि कुरणाचा हक्क

गेल्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरत होती. हिरवंगार कुरण, त्यात एक देखणी गाय आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘फक्त गवतावर वाढलेल्या गायीचं दूध’. भाव आपल्या नेहमीच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट. ईदच्या शीरखुर्म्यासाठी पाच-सहा लिटर दूध घ्यायचं म्हटलं, तर महिन्याचा हिशेबच कोलमडतो. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, “आपा, गाय-म्हैस गवतच तर खाते ना? मग हे वेगळं दूध कसलं?”

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या तासाला मी जे अर्धवट सांगितलं, ते इथे नीट सांगायचा प्रयत्न करते. आणि त्यासाठी तुम्हाला थोडं लांब, कच्छच्या रणापर्यंत न्यावं लागेल.

आधी त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. शहरातल्या नाहीतर शहराजवळच्या तबेल्यात जाऊन बघा. म्हशीच्या पुढे काय असतं? कडबा, उसाचे वाढे, कोंडा, चुनी, सरकीची पेंड, कुठे मक्याचा मुरघास. कापलेला हिरवा चारा मिळाला तर मिळाला. स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, आपल्याला हवं ते गवत निवडून खाणारी दुभती म्हैस आता शहरातल्या मुलांनी पाहिलेलीच नाही. मुंबईतले तबेले शहराबाहेर काढण्यासाठी 1949 साली आरे कॉलनी उभी राहिली. तिथेही म्हशी गोठ्यातच बांधलेल्या आणि चारा बाहेरून आणलेला. म्हणजे म्हैस गवत खाणारं जनावर असली, तरी तिच्या दुधाचा मोठा हिस्सा शेतातून आणि तेलाच्या घाणीतून येतो.

यात बिघडलं काय? इथे थोडं विज्ञान. गाय-म्हशीच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात, आणि गवतातला जो चिवट धागा माणसाला पचत नाही, तो ते फोडतात. जनावर रवंथ करतं ते त्यांच्याचसाठी. माणूस कितीही भुकेला असला तरी गवत खाऊन जगू शकत नाही, पण म्हैस ते गवत आपल्यासाठी दुधात बदलून देते. अल्लाहची ही केवढी मोठी नेमत आहे! आता हीच म्हैस आपण मका, सोयाबीन, सरकी यांवर पोसायला लागलो, तर ती माणसाच्या ताटाशी स्पर्धा करायला लागते. त्या मक्यासाठी जमीन लागते, पाणी लागतं, खत लागतं. पेंडीचा भाव वाढला की दुधाचा भाव वाढतो, आणि तरी गवळ्याच्या हातात काही उरत नाही.

आरोग्याचं म्हणाल तर फरक आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. ताजं हिरवं गवत खाणाऱ्या जनावराच्या दुधात ओमेगा-3 सारखी चांगली स्निग्धाम्लं जास्त असतात. गायीच्या दुधात कॅरोटीनही वाढतं, म्हणून तुपाला पिवळी झाक येते. म्हैस हे कॅरोटीन जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्रच राहतं. ते पांढरं आहे म्हणून निकस समजू नका. पण वाढत्या मुलाला दुधातून मुख्यतः हवी असतात ती प्रथिनं आणि कॅल्शियम, आणि ती साध्या दुधातही जवळपास तेवढीच असतात. कर्ज काढून दुप्पट भावाचं दूध घेण्याची गरज नाही, हे मी त्या मुलीला स्पष्ट सांगितलं.

दुसरा गैरसमज असा की गवतावरचं म्हणजे आपोआप निसर्गाला धरून. न्यूझीलंडच्या गायी बहुतांश कुरणावरच चरतात. तरीही तिथे कुरणावर इतकं नत्र खत पडत गेलं की नद्या आणि भूजल बिघडलं, आणि 2021 पासून सरकारला हेक्टरी वर्षाला 190 किलोची मर्यादा घालावी लागली. तेव्हा गवत आहे की नाही, एवढंच विचारून भागत नाही. ते गवत पुढच्या वर्षी पुन्हा उगवणार आहे का, आणि त्याची राखण कोण करतं, हेही विचारावं लागतं.

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. ते बन्नीत मिळालं.

मीठ खाली, गवत वर

माझ्या नणंदेचं सासर भुजचं. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिच्या दिरांनी आम्हाला बन्नीतल्या त्यांच्या ओळखीच्या घरी नेलं. पर्यटक भिरंडियाराला गाडी थांबवतात, तिथला प्रसिद्ध मावा खातात आणि पांढरं रण बघायला पुढे जातात. वाटेत दोन्ही बाजूंना जे सपाट, काहीसं उजाड दिसतं, तीच बन्नी. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा हा पट्टा. दक्षिणेला कच्छचे डोंगर, उत्तरेला मोठं रण, मधे हे गवत. डोंगरांतून उत्तरेकडे वाहणाऱ्या नद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाळ आणून टाकला, त्याची ही जमीन झाली. वर गाळ, खाली मीठ. पाऊस कमी, आणि तोही लहरी. एक वर्ष चांगलं गेलं की दोन कोरडी जातात.

इथे राहणाऱ्यांना मालधारी म्हणतात. माल म्हणजे गुरंढोरं, ती बाळगणारा तो मालधारी. जत, हालेपोत्रा, मुतवा, रायसीपोत्रा, नोडे अशा अनेक बिरादऱ्या आहेत. बहुतेक मुस्लिम, आणि त्यांच्या शेजारी कित्येक पिढ्यांपासून राहणारे मेघवाळ. भाषा कच्छी, तिच्यावर सिंधीची दाट छाया. यांतल्या बऱ्याच जणांचे पूर्वज काही शतकांपूर्वी सिंधमधून गुरं घेऊन आले. बन्नीच्या पश्चिम टोकाला हाजीपीरचा दर्गा आहे. चोरांनी पळवलेल्या गायी सोडवताना त्यांना शहादत आली, अशी तिथली लोककथा आहे. ती हिंदूही सांगतात आणि मुसलमानही. मालधाऱ्यांच्या मुलखातल्या पीराची कथासुद्धा गुरांचीच!

विज्ञान शिकवणारी म्हणून मला सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल, तर तो विरडा. बन्नीत विहीर खणली तर खारं पाणी लागतं. मग माणसं-जनावरं पितात काय? मालधारी पावसाळ्यानंतर तळ्याच्या कोरड्या पडलेल्या तळाशी उथळ खड्डा खणतात. मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहतं. तेवढाच थर हलक्या हाताने काढायचा. खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आतून लाकडांची चौकट, तिच्यामागे गवताचा थर. जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं आणि विरडा बाद होतो. घनतेचा धडा मी वीस वर्षं मीठ, पाणी आणि अंडं घेऊन शिकवते आहे. ज्यांना आपण अडाणी म्हणतो, ते या धड्यावर शेकडो वर्षं जगले.

गवताचं गणितही असंच. बन्नीत डझनावारी जातीची गवतं आहेत. आपल्याकडचं मारवेल तिथे जिंजवो होतं, आपलं अंजन गवत तिथलं धामण. काही गवतं गोड्या जमिनीवर येतात, काही खाऱ्या जमिनीवर तग धरतात. पाऊस कुठे पडला, पाणी कुठे साचलं, कोणतं गवत कधी कोवळं असतं, हे ओळखून गुरं हलवायची. एकाच जागी बसून राहायचं नाही, आणि म्हणूनच कुरणाला कुंपण घालायचं नाही. संस्थानाच्या काळात बन्नी दुभत्या गुरांसाठी राखीव असे आणि चराईचा कर द्यावा लागे. जमीन कुणा एकाची नव्हती. चरायचा हक्क मात्र सगळ्यांचा होता.

मगरिबनंतर निघालेली म्हैस

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या चाचांकडे चाळीसेक म्हशी होत्या. काळ्याभोर, दणकट, आणि शिंगं अशी की दोनदा वळून आत गेलेली. संध्याकाळची धार झाली. मगरिबची अजान झाली. आम्ही नमाज पढून बाहेर आलो तर म्हशी एकामागून एक अंधारात निघाल्या होत्या. सोबत ना माणूस, ना कुत्रं.

मी विचारलं, “चाचा, कुणी सोबत जात नाही?”

“रास्ता उनको मालूम है,” ते म्हणाले. “हम जाएंगे तो हम ही गुम हो जाएंगे.”

रात्रभर चरून, कित्येक किलोमीटर चालून त्या फजरच्या सुमाराला परत आल्या. मी मुद्दाम उठून बसले होते. आधी घंटांचा आवाज, मग धूळ, मग काळ्या पाठी. प्रत्येक म्हैस आपल्या दावणीशी जाऊन उभी. त्या परत येतात त्याचं एक साधं कारण आहे. पारडी घरी ठेवलेली असतात, आणि सड भरलेले असतात.

रात्रीच का? म्हशीची कातडी काळी, आणि घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा बऱ्याच कमी. कच्छच्या उन्हात तिला दिवसा चरायला लावलं, तर तिची निम्मी ताकद अंग थंड ठेवण्यातच जाईल. रात्री हवा गार, गवतावर दव. दिवसा ती पाण्यात नाहीतर सावलीत बसते, रवंथ करते. मालधाऱ्यांनी म्हशीला गोठा, पंखा, फवारे यांची सवय लावली नाही. स्वतःचं वेळापत्रक मात्र म्हशीप्रमाणे बदललं. या पद्धतीत वाढलेली म्हैस थंडी, ऊन, खारट पाणी, दुष्काळ सगळं सोसते, आणि एका वेतात सरासरी अडीच हजार लिटरच्या पुढे दूध देते. फॅट सहा टक्क्यांच्या वर. चांगल्या म्हशीचा भाव लाखाच्या वर जातो. तिची आई कोण, आजी कोण, तिने किती दूध दिलं, हे सगळं चाचांना तोंडपाठ होतं. मी मुलांच्या हजेरीतली नावं विसरते, त्यांना चाळीस म्हशींची वंशावळ येते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फक्त गवतावर, असं बन्नीतही शंभर टक्के नसतं. धारेच्या वेळी दुभत्या म्हशीला थोडी पेंड देतात, आणि दुष्काळात तर चारा विकत आणावाच लागतो, नाहीतर गुरं घेऊन परगावी जावं लागतं. पण पोटाचा मोठा भाग कुरणच भरतं. म्हशी मिथेन सोडतात तोही प्रश्न आहेच, धागेदार गवत खाणारं जनावर तो लिटरमागे जास्तच सोडतं. मात्र बन्नीत त्या दुधासाठी वेगळी जमीन नांगरली जात नाही, पाटाचं पाणी लागत नाही, आणि शेण तिथल्या तिथे मातीत जातं. गवताळ जमीन मुळांच्या वाटे कार्बन मातीत साठवते, नांगरली की तो निघून जातो. एकाच आकड्यावर निकाल लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

एवढी म्हैस असूनही सरकारी कागदावर तिला नाव नव्हतं. 2008 मध्ये मालधाऱ्यांनी आपली संघटना उभी केली. म्हशींची मोजमापं, नोंदी झाल्या, आणि 2010 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ‘बन्नी’ ही देशातली 11वी म्हशीची जात म्हणून मान्य केली. यात विद्यापीठांचा वाटा आहेच. पण ही जात प्रयोगशाळेत तयार झालेली नाही, ती अक्षरओळख नसलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून घडवली, हे कागदावर आलं ही मोठी गोष्ट झाली.

त्याच सुमाराला सरहद डेअरीची, म्हणजे कच्छ जिल्हा सहकारी दूध संघाची, दूध गोळा करणारी केंद्रं आली. त्याआधी बन्नीत लोक दूध विकत नसत. तूप, मावा आणि बैल विकत. दूध विकणं म्हणजे कमीपणा, असं जुनी माणसं मानत. आता रोज फॅट मोजून पैसे बँकेत येतात. चाचांच्या सुनेने मला केंद्राचं पुस्तक दाखवलं. ती म्हणाली, आधी घरात ताक वाहायचं, आता विकून उरेल तेवढंच. दोन्ही बाजू आहेत. पैसा आला तशी मुलं शाळेत जाऊ लागली, हेही तिनेच सांगितलं.

वेडी बाभूळ

आता अवघड भाग. 1960 च्या सुमाराला रण पुढे सरकतंय, खारटपणा वाढतोय, या भीतीने वनखात्याने बन्नीत मूळ अमेरिका खंडातल्या एका झाडाची मोठ्या प्रमाणावर लागवड केली. हजारो हेक्टरवर. आपण त्याला वेडी बाभूळ म्हणतो, कच्छीत गांडो बावळ. अर्थ तोच. हेतू वाईट नव्हता. पण हे झाड पाणी खोलवरून ओढतं आणि आपल्या सावलीत गवत वाढू देत नाही. शेंगा गोड. जनावरं त्या खातात आणि शेणातून बी मैलोनमैल पसरवतात. वरून तोडलं की बुडख्यातून दुप्पट जोराने फुटतं, काढायचं तर मुळासकट उपटावं लागतं. आज बन्नीचा निम्म्याहून जास्त भाग त्याने व्यापला आहे.

पहिला फटका गायींना बसला. बन्नीच्या कांकरेज गायी आणि त्यांचे बैल एकेकाळी लांबलांबून लोक घेऊन जात. या शेंगा जास्त खाल्ल्या की गायीचं पचन बिघडतं, गायी आजारी पडतात, मरतात. म्हैस ते बऱ्यापैकी सोसते. हळूहळू गायी कमी झाल्या, म्हशी वाढल्या. ज्या म्हशीचं कौतुक मी वर केलं, तिच्या भरभराटीमागे हेही एक कारण आहे. वरच्या नद्यांवर बंधारे झाले, त्यामुळे कुरणात येणारं गोडं पाणीही घटलं.

2004 मध्ये या झाडाचा कोळसा पाडायला परवानगी मिळाली. लोकांनी झाडं काढली, चार पैसे मिळवले, आणि जिथे मुळासकट काढली तिथे गवत परत आलं. 2008 मध्ये पुन्हा बंदी आली. पण तोवर कोळशाच्या पैशाची सवय लागली होती. काही घरांना आता ते झाड हवंसं वाटतं. यावर बन्नीत एकमत नाही, आणि बाहेरून जाऊन आपण त्यांना शहाणपण शिकवू नये.

इथे मला माझीच आठवण होते. दर पावसाळ्यात आम्ही शाळेतर्फे झाडं लावतो. फोटो काढतो. एकदा गावाबाहेरच्या माळरानावर लावली. तेव्हा तिथल्या एका मेंढपाळाने विचारलं होतं, “बाई, इथं झाडं लावली तर मेंढ्या कुठं न्यायच्या?” मी त्याला पर्यावरणावर भाषण दिलं. आज ते आठवलं की लाज वाटते. गवताळ माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक टिकवायची वेळ आली, तेव्हा कुठे आपल्याला कळलं की गवत हेही एक जंगल आहे.

कुरण कुणाचं?

बन्नीला 1955 साली संरक्षित वन जाहीर केलं गेलं. पण हक्कांची नोंद आणि मोजणी पूर्ण झालीच नाही. कारभार कित्येक वर्षं महसूल खात्याकडे राहिला, 1998 मध्ये तो वनखात्याकडे गेला. म्हणजे मालधारी तिथे शतकांपासून, पण कागदावर ते कुणीच नाहीत. पुढे वनखात्याने गवत वाढवण्यासाठी कुरणाचे तुकडे कुंपणात घ्यायची योजना आणली, तेव्हा मालधाऱ्यांनी ‘बन्नी को बन्नी रहने दो’ ही घोषणा दिली. घोषणा साधी वाटते. पण ज्यांची म्हैस रात्रीत मैलोनमैल चालते, त्यांच्यासाठी कुंपण म्हणजे काय, ते मी त्या पहाटे पाहिलं होतं.

त्यांच्या हातातलं मुख्य साधन म्हणजे 2006 चा वनहक्क कायदा. हा कायदा फक्त आदिवासींसाठी आहे, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. तसं नाही. 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, वनजमिनीत राहणाऱ्या आणि उपजीविकेसाठी तिच्यावर अवलंबून असणाऱ्या इतर समाजांनाही त्यात हक्क आहेत, आणि त्यात चराईचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये याच कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे बांबू होता, इथे गवत आहे. बन्नीतल्या 47 गावांनी आपले सामूहिक दावे तयार केले. वेगवेगळ्या गावांना वेगळे तुकडे नकोत, सगळ्या बन्नीवर सगळ्यांनी चरायचं, असा त्यांचा आग्रह.

दरम्यान काही ठिकाणी कुरण नांगरून एरंड, कापूस पेरला जाऊ लागला. हे करणारे सगळे बाहेरचेच होते असं नाही, आपल्यातलेही होते. म्हणून मालधाऱ्यांची संघटना 2018 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. मे 2021 मध्ये लवादाने सहा महिन्यांत अतिक्रमणं काढायचा आदेश दिला, आणि वनहक्क कायद्यानुसार आपल्या भागातलं सामूहिक वन राखण्याचा मालधाऱ्यांचा हक्क कायम असल्याचंही म्हटलं. अलीकडे चित्त्यांच्या प्रजनन केंद्रासाठीही बन्नीची निवड झाली. चित्ता गवताळ मुलखातलाच प्राणी, त्याला विरोध करण्याचं कारण नाही. पण कुंपण पुन्हा आलं, आणि ते घालताना आधी कुणाला विचारलं, हा प्रश्नही पुन्हा आला.

चाचांना मी विचारलं होतं, तुमच्या दुधावर ‘गवतावरचं दूध’ असा शिक्का मारून शहरात दुप्पट भावाने विकलं तर? ते हसले. “दाम बढ़े तो अच्छा. लेकिन घास जिसके हाथ में, दूध उसी का.”

परत आल्यावर मी आमच्या गवळीवाड्यातल्या आमच्या दूधवाल्या चाचांकडे गेले. त्यांच्या घरी तीन पिढ्या हाच धंदा आहे. त्यांना विचारलं, तुमच्या म्हशी कधी चरायला जात होत्या का? म्हणाले, अब्बांच्या काळात रोज. गावाच्या पूर्वेला गायरान होतं, ओढ्यापर्यंत. सकाळी शंभरएक म्हशी जायच्या, एक पोरगा सोबत. पेंड फक्त विणीच्या आधी आणि पावसाळ्यात. मग गायरानाच्या एका कडेला वेडी बाभूळ आली, दुसऱ्या कडेला कचरा डेपो, आणि मधे प्लॉट पडले. आता आठ म्हशी आहेत, दावणीला. महिन्याच्या बिलातला निम्म्याहून जास्त पैसा चाऱ्या-पेंडीला जातो.

“कुणी तक्रार केली नाही?” मी विचारलं.

“किसके नाम से करते? गायरान तर सगळ्या गावाचं होतं,” ते म्हणाले आणि पुढच्या म्हशीखाली बादली सरकवली.

पुढच्या आठवड्यात नववीच्या मुलांना मी गृहपाठ दिला आहे. आपापल्या दूधवाल्याला दोन गोष्टी विचारून या : तुमची म्हैस काय खाते, आणि तुमच्या आजोबांची म्हैस कुठे चरायची. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिने तलाठ्याकडून गावाचा जुना नकाशा मिळतो का, तेही विचारलं आहे. मिळतो, असं मी तिला सांगितलं. अर्ज कसा लिहायचा, ते शनिवारी शिकवते आहे.